डोक्याचा मार आणि आईची साक्ष

दोन वर्षांच्या आतलं मूल पलंगावरून पडतं. डोक्याला टेंगूळ येतं, मूल कळवळून रडतं, मग एकदम गप्प होतं आणि घाबरलेले आईवडील त्याला उचलून हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत धावतात. तिथले डॉक्टर बरंच काही विचारतात. किती उंचीवरून पडलं? लगेच रडलं का? उलटी झाली का? त्यातच एक प्रश्न असतो : आता ते नेहमीसारखं वागतंय का? आईला वाटतं, हा आपल्याला धीर देण्यापुरता विचारलेला प्रश्न. खरं तर तो तपासणीचाच भाग आहे, बॅटरीचा उजेड टाकून डोळ्यांच्या बाहुल्या पाहण्याइतकाच. बेचाळीस हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून निघालेला एक नियम आज अनेक देशांत वापरला जातो. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यात सहा निकष आहेत आणि त्यांतला एक आहे, आईवडिलांच्या मते मूल नेहमीसारखं वागतंय की नाही. रक्ताचा रिपोर्ट किंवा फिल्म यांच्या बरोबरीने घरच्या माणसाचा शब्द तिथे धरला जातो.

हा शब्द वैद्यकाच्या दप्तरी लागायला फार काळ गेला. मधल्या काळात एकामागून एक यंत्रं आली, त्यांनी डॉक्टरांचं बघणं आणि विचारणं थोडं थोडं बाजूला सारलं, आणि शेवटी यंत्रांचा वापर इतका वाढला की बघण्याकडे आणि विचारण्याकडे परत वळावं लागलं. मुलांच्या डोक्याच्या माराचा इतिहास मला या वळणासाठी महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात बरीच मागे आहे. १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकी गृहस्थाने इजिप्तमधल्या लक्सर गावी एक पपायरस विकत घेतला. जेम्स हेन्री ब्रेस्टेड या अभ्यासकाने १९३० मध्ये त्याचं भाषांतर छापलं, तेव्हा इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराची, त्याहूनही जुन्या मजकुरावरून उतरवलेली शस्त्रवैद्यकाची पोथी जगासमोर आली. तीत ४८ रुग्णांची टिपणं आहेत आणि त्यातली २७ डोक्याच्या जखमांची. प्रत्येक टिपणात आधी काय तपासायचं ते, मग निदान, मग निवाडा. निवाडे तीन प्रकारचे : उपचार करता येण्याजोगा, झुंज द्यावी लागेल असा, आणि उपचार करू नये असा. वैद्याला सांगितलेलं पहिलं काम म्हणजे जखम बोटांनी चाचपणं, खालचं हाड फुटलंय का, खचलंय का ते पाहणं. आजच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर तान्ह्या मुलाच्या केसांतून बोटं फिरवतात, तेव्हा हीच रीत चालू असते.

पण डोकं न फुटता माणूस भानावर नसतो, त्याचं काय? इसवी सन ९०० च्या सुमारास राझी या इराणी हकिमाने ही अवस्था वेगळी ओळखली : मेंदूला उघड जखम नाही, तरी त्याचं काम काही काळ बिघडतं. तेराव्या शतकाच्या शेवटी मिलानच्या लानफ्रांकोने हाच धागा पुढे नेला. डॉक्टर आज ज्याला कन्कशन म्हणतात, त्या मेंदूच्या हादऱ्याची ही जुनी ओळख. पण हा हादरा नेमका कसा बसतो, ते कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये डेनी-ब्राउन आणि रिची रसेल यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून १९४१ साली दाखवलं, की फटक्याबरोबर डोकं हलू शकत असेल तर शुद्ध सहज हरपते. डोकं घट्ट धरून ठेवलं तर तेवढ्याच फटक्याने ती सहसा हरपत नाही. तिथलाच होलबोर्न नावाचा भौतिकशास्त्रज्ञ. त्याने जिलेटिनचे मेंदू करून गणित मांडलं आणि १९४३ मध्ये सांगितलं, की सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन फिरण्याने मेंदूला जास्त इजा होते, कारण फिरण्याने त्याला आतल्या आत पीळ पडतो. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि मानेचे स्नायू अजून लेचेपेचे असतात. होलबोर्नचं गणित त्याच्या बाबतीत अधिकच लागू पडतं.

हे गणित बाहेरून दिसत नाही. दिसतं ते हाड, आणि १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधल्यावर ते आरपार दिसू लागलं. मग डोक्याला मार लागला की एक्स-रे काढायचा, ही सवय पडली. एक्स-रे हाड दाखवतो, मेंदू दाखवत नाही. कवटीला तडा असून आत सगळं ठीक असू शकतं, आणि तडा नसून आत रक्त साकळू शकतं. तरी एक्स-रे काढले जात राहिले, कारण फिल्म हातात आली की डॉक्टरला आणि नातेवाइकांना, दोघांनाही काहीतरी केल्यासारखं वाटे. १९७१ साली बेल आणि लूप यांनी अमेरिकेत सुमारे दीड हजार रुग्णांचे असे एक्स-रे तपासले आणि निबंधाच्या नावातच या तपासणीच्या उपयोगाबरोबर तिचा फोलपणाही मांडला. त्यांनी लक्षणांची एक यादी दिली : यातलं काही असेल तरच फिल्म काढावी. मला हा निबंध पुढच्या सगळ्या नियमांचा पूर्वज वाटतो. यंत्र कधी वापरायचं, हे ठरवण्यासाठी आधी रुग्णाकडे नीट पाहा, हा विचार त्याने आकड्यांनिशी मांडला.

याच एक्स-रेने मात्र एक असं काम केलं, ज्याच्यामुळे आईवडिलांच्या साक्षीकडे डोळे उघडे ठेवून पाहावं लागलं. जॉन कॅफी हा मुलांच्या एक्स-रेंचा तज्ज्ञ. १९४६ मध्ये त्याने सहा तान्ह्या मुलांची हकीकत छापली. त्यांच्या डोक्यात, मेंदूच्या आवरणाखाली जुनं रक्त साचलं होतं आणि त्याच वेळी हातापायांची लांब हाडं अनेक ठिकाणी मोडलेली होती. घरच्यांनी सांगितलेली कारणं या जखमांना पुरी पडत नव्हती. १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरात मारहाण झालेल्या मुलांवरचा निबंध लिहिला, तेव्हा हे उघडपणे बोललं जाऊ लागलं. म्हणून आजही डॉक्टर सांगितलेली हकीकत आणि दिसणारी जखम एकमेकांशी ताडून पाहतात. चार महिन्यांचं मूल, अजून रांगतही नाही, ते 'कपाटावर चढून पडलं' असं कोणी सांगितलं तर पुढची तपासणी वेगळ्या दिशेने जाते. साक्ष तोलूनच घ्यावी लागते. पण बहुतेक घरांत मूल खरोखरच पलंगावरून पडलेलं असतं, आणि तिथे घरच्यांइतकं त्याला ओळखणारं दुसरं कोणी नसतं.

१९७४ च्या आधी बेशुद्धीचं वर्णन शब्दांनी होई. गुंगीत आहे, अर्धवट शुद्धीत आहे, हाक मारल्यावर हलतो. रात्रपाळीच्या डॉक्टरची 'गुंगी' आणि दिवसपाळीच्या डॉक्टरची 'गुंगी' एकच असेल याची खात्री नसे, आणि रुग्ण सुधारतोय की खालावतोय हे त्यातून कळत नसे. ग्लासगोच्या न्यूरोलॉजिकल सायन्सेस संस्थेतले ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी यावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक साधा उपाय सुचवला. तीनच गोष्टी पाहा : डोळे कशाला उघडतो, बोलतो कसा, हातपाय हलवतो कसे. प्रत्येकीच्या पायऱ्या ठरलेल्या. पुढे त्यांना गुण दिले गेले, हालचालीत एक पायरी वाढली आणि एकूण गुण १५ झाले. हीच ग्लासगो कोमा स्केल, थोडक्यात जीसीएस. ही तपासणी नर्सला करता येते, दर तासाला पुन्हा करता येते, आणि फोनवर दुसऱ्या डॉक्टरला सांगता येते. आज मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या हॉस्पिटलपर्यंत कुठेही डोक्याच्या माराचा रुग्ण पाठवताना पहिला प्रश्न येतो, 'जीसीएस किती?' आणि उत्तर येतं, 'ई फोर, व्ही फाइव्ह, एम सिक्स.' म्हणजे पंधरापैकी पंधरा. ग्लासगोचं ते मोजमाप आपल्याकडच्या वॉर्डांत इतकं मुरलंय.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ग्लासगोच्या गटाने आणखी एक निबंध छापला. डोक्याच्या मारानंतर जे बोलले आणि तरी दगावले, अशा रुग्णांवरचा. त्यांतल्या बहुतेकांच्या कवटीत रक्त साकळलेलं सापडलं. मार लागतो, माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, आणि मधल्या काळात हळूहळू साचणारं रक्त मेंदूला दाबत जातं. आपल्याकडे घराघरांत वडीलधारी माणसं सांगत आली आहेत, 'डोक्याला मार लागलाय, झोपू देऊ नकोस.' त्या सांगण्यामागे हीच भीती आहे, आणि ती निराधार नाही. फक्त झोप धोक्याची नसते. धोका असतो तो हलवूनही जाग न येण्याचा. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेलं मूल त्याच्या नेहमीच्या वेळी झोपत असेल तर त्याला झोपू द्यावं. दमलेल्या, रडून थकलेल्या मुलाला रात्रभर गालावर चापट्या मारत जागं ठेवल्याने फक्त त्याचे हाल वाढतात, आणि दुसऱ्या दिवशी ते पेंगुळलेलं आहे ते मारामुळे की जागरणामुळे, हेही कळेनासं होतं.

१९७५ च्या त्या निबंधाचा पहिला लेखक होता पीटर रायली. १९८२ मध्ये त्याचं नाव पुन्हा दिसतं, या वेळी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून, डोनाल्ड सिम्प्सनच्या बरोबरीने. त्यांना अडलेला प्रश्न उघड होता. ग्लासगोच्या पट्टीत बोलण्याचे पूर्ण गुण मिळवायला आपण कोण, कुठे आहोत, आज कोणता महिना आहे, हे सांगावं लागतं. आठ महिन्यांच्या मुलाने ते कसं सांगायचं? धडधाकट तान्हं मूलही या पट्टीवर नापास व्हायचं. सिम्प्सन आणि रायली यांनी मुलांच्या वाढीप्रमाणे अपेक्षा बदलली : सहा महिन्यांपर्यंतच्या मुलाचे पूर्ण गुण ९, वर्षापर्यंत ११, दोन वर्षांपर्यंत १२, पाच वर्षांपर्यंत १३, त्यापुढे १४. नंतरच्या मांडणीत १५ चा आकडा कायम ठेवून बोलण्याच्या पायऱ्या बदलल्या गेल्या. मूल हुंकार देतंय, बडबडतंय तर पूर्ण गुण. कुरकुरत रडतंय तर एक कमी. दुखवल्यावरच रडतंय तर आणखी कमी. इथे एक गोष्ट घडली, जिच्याकडे फारसं कोणी लक्ष वेधत नाही. मुलाचं रडणं कुरकुरं आहे की नेहमीचं, हे अनोळखी डॉक्टरला कसं कळणार? भुकेचं रडणं, झोपेचं रडणं, अनोळखी माणसाला पाहून काढलेला गळा आणि हे आताचं, कशानेही न थांबणारं रडणं यांतला फरक ज्याने रोज ऐकलाय, त्यालाच तो सांगता येतो. मोजपट्टीत आईचा कान शिरला तो इथे, अजून नाव न लिहिता.

त्याआधी दशकभर लंडनमध्ये सगळं चित्र बदलवणारी घटना होऊन गेली होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये एका रुग्ण बाईच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड हे ईएमआय या कंपनीत इंजिनिअर होते, त्यांच्यासोबत रेडिओलॉजिस्ट जेम्स ॲम्ब्रोज. १९७९ चं नोबेल हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळालं, आणि ते योग्यच होतं : कवटी न उघडता आतलं रक्त दिसू लागलं, वेळेत ऑपरेशन होऊन कितीतरी जीव वाचले. सीटीबद्दल पुढे जे लिहितोय ते हे पूर्ण मान्य करून.

यंत्र वेगवान झालं, प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात आलं, आणि एक्स-रेची जुनी सवय सीटीला लागली. अमेरिकेत डोक्याला किरकोळ मार लागलेल्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांचे स्कॅन होऊ लागले. २००१ मध्ये डेव्हिड ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी लहान वयात घेतलेल्या या किरणांचा पुढे कर्करोगाशी संबंध येऊ शकतो असा हिशेब मांडला. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या पावणेदोन लाखांहून अधिक तरुण रुग्णांच्या नोंदींवरून तो प्रत्यक्ष दिसला. धोका छोटा आहे : दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांचे डोक्याचे स्कॅन झाले, तर पुढच्या दहा वर्षांत सुमारे एकाला जास्तीचा रक्ताचा आणि एकाला जास्तीचा मेंदूचा कर्करोग. ज्या मुलाच्या डोक्यात रक्त साकळतंय, त्याच्यासाठी हा धोका नगण्य आहे. ज्याला फक्त टेंगूळ आलंय, त्याच्यासाठी तो उगाचचा आहे. सगळा पेच कोणतं मूल कोणत्या गटातलं, हे आधी ओळखण्याचा.

त्यासाठी तीन देशांत तीन नियम तयार झाले. इंग्लंडमध्ये २००६ साली २२,७७२ मुलांवरून 'चॅलिस', कॅनडात २०१० मध्ये ३,८६६ मुलांवरून 'कॅच', आणि या दोहोंच्या मध्ये, २००९ मध्ये, नेथन कुपरमन आणि सहकाऱ्यांचा 'पेकार्न'. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वीस हजार मुलांवर हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा गंभीर इजा न सोडण्यात पेकार्न सगळ्यांत पुढे निघाला. म्हणून थोडा वेळ त्याच्यापाशीच थांबतो.

उत्तर अमेरिकेतल्या २५ इमर्जन्सी विभागांतली ४२,४१२ मुलं. सगळ्यांचा जीसीएस १४ किंवा १५, म्हणजे पाहताक्षणी ठीक वाटणारी. त्यातल्या ३५ टक्क्यांहून जास्त मुलांचा सीटी झाला. मृत्यू, मेंदूची शस्त्रक्रिया, दिवसभराहून जास्त व्हेंटिलेटर किंवा स्कॅनमध्ये इजा दिसून दोन रात्री भरती, यांतलं काहीही घडलेली मुलं सगळी मिळून ३७६, म्हणजे शंभरातलं एकही पुरं नाही. शस्त्रक्रिया लागली ती ६० मुलांना. या ३७६ मुलांमध्ये आणि बाकीच्या बेचाळीस हजारांमध्ये, कॅज्युअल्टीच्या टेबलावर असताना, कोणता फरक दिसत होता? नियम त्या फरकातून निघाला.

दोन वर्षांखालच्या मुलासाठी तो असा : मूल सावध आहे; कपाळ सोडून डोक्यावर दुसरीकडे कुठे मऊ गाठ नाही; शुद्ध हरपली नाही किंवा हरपली ती पाच सेकंदांहून कमी; मार गंभीर प्रकारचा नाही; कवटीचा तडा बोटांना लागत नाही; आणि आईवडिलांच्या मते ते नेहमीसारखं वागतंय. कपाळाची सूट का? कपाळाचं हाड जाड असतं, आणि चालायला शिकणारं मूल बहुधा तोंडावरच पडतं. कपाळावरचं टेंगूळ दिसायला भयंकर, पण बहुतेकदा निरुपद्रवी. कानाच्या वरचं आणि मागचं हाड पातळ असतं, त्याच्या आतल्या अंगाने मेंदूच्या आवरणाची रक्तवाहिनी जाते. म्हणून डॉक्टर कपाळावरचं मोठं टेंगूळ पाहून शांत राहतात आणि केसांच्या आत, कानामागे, बोटांची टोकं हळूहळू फिरवत राहतात. तिथे एखादी लिबलिबीत, दाबली की आत जाणारी गाठ लागली, की त्यांचा चेहरा बदलतो. टाळू अजून भरली नसेल तर तिच्यावरही बोट ठेवून पाहिलं जातं, मूल शांत असताना ती फुगली आहे का म्हणून. सहाही निकष ठीक असलेल्या मुलांत गंभीर इजा निघण्याची शक्यता पाच हजारांत एकाहूनही कमी. तिथे स्कॅन टाळायचा.

दोन वर्षांवरच्या मुलांची यादी वेगळी. तिथे उलटी आहे, शुद्ध हरपणं आहे, कवटीच्या बुडाला तडा गेल्याच्या खुणा आहेत, आणि तीव्र डोकेदुखी आहे. आईवडिलांच्या मताचा निकष मात्र नाही. कारण सरळ आहे. मूल आता स्वतः बोलतं, डोकं दुखतंय असं सांगू शकतं. साक्षीदार बदलला. मधल्या गटात, म्हणजे एखादं लक्षण आहे पण गंभीर नाही अशा ठिकाणी, नियम डॉक्टरला दोन वाटा देतो, स्कॅन करा किंवा लक्ष ठेवा, आणि कोणती निवडायची ते ठरवताना लक्षात घ्यायच्या गोष्टींत आईवडिलांची पसंती स्पष्ट लिहिलेली आहे. लक्ष ठेवणं म्हणजे काही न करणं नव्हे. याच अभ्यासातल्या ज्या मुलांना आधी काही तास नुसतं पाहिलं गेलं, त्यांच्यात स्कॅन कमी झाले आणि गंभीर इजा नजरेतून सुटण्याचं प्रमाण वाढलं नाही, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. आणि २०२४ मध्ये जवळजवळ वीस हजार नव्या मुलांवर हा नियम पुन्हा पारखला गेला, तेव्हाही तो टिकला.

इथपर्यंतचा सगळा प्रवास एका प्रश्नाभोवती फिरतो : मूल वाचेल का, ऑपरेशन लागेल का? पण कॅज्युअल्टीतून 'सगळं नॉर्मल आहे' ऐकून घरी गेलेलं मूल दहा दिवसांनी धडा वाचताना डोकं धरून बसतं, वर्गातला गोंगाट त्याला सहन होत नाही, चिडतं, रडतं, गणितात चुका करतं. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, म्हणून शाळा म्हणते बहाणे करतंय. कन्कशन स्कॅनमध्ये दिसत नाही, आणि हे कॅज्युअल्टीत कोणी सांगितलेलं नसतं. या भागाकडे आधी लक्ष गेलं ते खेळाच्या मैदानावरून. खेळातल्या कन्कशनवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ मध्ये व्हिएन्नात भरली. पुढच्या परिषदांतून तपासणीचं प्रमाणित पत्रक आलं, आणि २०१२ च्या झुरिक परिषदेतून मुलांसाठी वेगळं. त्यात मूल आपली लक्षणं स्वतः सांगतं, आणि आईवडील त्याच लक्षणांचा वेगळा कागद भरतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा मार लागल्यावर पुन्हा खेळायला उतरला आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्याच्या नावाने २००९ मध्ये कायदा झाला, आणि २०१४ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत असे कायदे आले.

इमर्जन्सी विभागाच्या दृष्टीने मोठं पाऊल टाकलं ते ओटावाच्या रॉजर झेमेक यांनी. कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत ५ ते १८ वयाच्या ३,०६३ मुलांचा अभ्यास, २०१६ मध्ये छापलेला. महिनाभरानंतरही लक्षणं राहिलेली मुलं तीस टक्क्यांहून थोडी जास्त निघाली. कोणाची राहतील, याचा अंदाज त्यांनी बारा गुणांच्या पट्टीत बसवला. वय, मुलगी असणं, आधीच्या कन्कशनची लक्षणं आठवडाभराहून जास्त टिकली असणं, मायग्रेनचा इतिहास, डोकेदुखी, आवाज नकोसा होणं, थकवा, प्रश्नाचं उत्तर सावकाश देणं, आणि एक छोटी शारीरिक चाचणी. बूट काढायचे, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून एका रेषेत उभं राहायचं, हात कमरेवर, डोळे मिटलेले, वीस सेकंद. डॉक्टर चुका मोजतात : डोळे उघडले, हात सुटले, पाऊल सरकलं. चार किंवा अधिक चुका झाल्या तर एक गुण. ना वीज लागते, ना फिल्म. भिंतीशेजारी दोन फूट मोकळी जागा पुरते. प्रौढांसाठी रक्ततपासणीला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली; मुलांसाठी आजही भिस्त आहे ती अशा बघण्यावर आणि विचारण्यावरच.

विश्रांतीचा जुना सल्लाही याच काळात मोडीत निघाला. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा, पुस्तक नको, मित्र नकोत, असं सांगितलं जाई. २०१५ मध्ये मिल्वॉकीमध्ये डॅनी थॉमस यांनी पाच दिवसांची कडक विश्रांती आणि एक-दोन दिवसांची नेहमीची विश्रांती यांची तुलना केली. कडक विश्रांती घेतलेल्या मुलांनी जास्त लक्षणं नोंदवली. आता पहिले एक-दोन दिवस सौम्य विश्रांती, त्या काळात मोबाइल-टीव्ही कमी, मग हलकं चालणं-फिरणं, मग शाळा, आणि शाळा नीट जमली की खेळ, असा क्रम सांगितला जातो.

आता आपल्याकडचं. पेकार्नच्या यादीत दोन वर्षांवरच्या मुलासाठी धोकादायक पडणं म्हणजे पाच फुटांवरून, आणि दोन वर्षांखालच्यासाठी तीन फुटांवरून. दहीहंडीच्या थरांवर सर्वांत वर चढवलेलं मूल किती फुटांवर असतं, ते महाराष्ट्रात प्रत्येकाने पाहिलंय. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्यांना थरात घेऊ नये आणि उंची वीस फुटांपर्यंतच असावी, असा आदेश दिला. २०१७ मध्ये वयाची मर्यादा १४ वर आली आणि उंचीवर न्यायालयाने बंधन ठेवलं नाही. मला हे पटलेलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या कवटीला वीस फुटांचा हिशेब वेगळा लागत नाही. दुचाकीचंही तसंच. पेकार्नमध्ये अपघातांची यादी मोटारगाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. स्कूटरवर वडिलांच्या पुढ्यात उभं राहून जाणाऱ्या मुलाला त्यात कुठे बसवायचं, हे इथल्या डॉक्टरला स्वतःच्या अंदाजाने ठरवावं लागतं. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि पट्टा बंधनकारक आहे, वेगही ताशी ४० किलोमीटरच्या आत. रस्त्यावर पट्टा बांधलेलं मूल मात्र क्वचितच नजरेस पडतं.

अमेरिकेत पेकार्नचा नियम नको असलेले स्कॅन थांबवायला बनला. जिथे सीटी स्कॅन पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, अशा तालुक्याच्या ठिकाणी तोच नियम उलट्या कामाला येतो : कोणाला थांबवून पाहायचं, आणि कोणाला आत्ताच्या आत्ता १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलावून जिल्ह्याला पाठवायचं. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. मेडिकल ऑफिसरकडे स्कॅनर नसला तरी दोन हात, बॅटरी, घड्याळ आणि समोर बसलेली आई आहे. कानामागची गाठ, वाढत जाणारी पेंग, पुन्हा पुन्हा उलटी, आणि 'हे आमचं बाळ असं कधी करत नाही' हे वाक्य, यांतलं काहीही असेल तर केस पेपरवर ते आईच्याच शब्दांत लिहावं, वेळ टाकावी आणि पाठवावं.

ज्याला घरी सोडायचं, त्याच्या हातात मराठीत, ठसठशीत अक्षरांत एक कागद असावा. परत कधी यायचं : उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढतेय, हलवूनही नीट जाग येत नाही, आकडी आली, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही येतंय, हातपाय लुळे वाटतात, किंवा मूल ओळख न पटल्यासारखं वागतंय. त्याखाली हॉस्पिटलचा चोवीस तास चालणारा नंबर. आणि त्याखाली, शाळेत जाणाऱ्या मुलासाठी, वर्गशिक्षकांना उद्देशून दोन ओळी : याच्या मेंदूला हादरा बसला आहे, स्कॅन लागला नसला किंवा नॉर्मल आला असला तरी वाचताना थकवा येईल, काही दिवस गृहपाठ कमी द्यावा, खेळाच्या तासाला बसवून ठेवावं, आणि चौथ्या आठवड्यात लक्षणं असतील तर मुलाला पुन्हा आमच्याकडे पाठवावं.